तंबूतलं गाणं: सोलापुरातून तिबेटी नाच पाहायला शिकताना

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच सोलापुरात तिबेटी स्वेटरवाल्यांचे तंबू उभे राहतात. आपण जातो, लेकरांच्या अंगाला जर्किन लावून बघतो, भाव विचारतो, घेऊन येतो. संक्रांतीचा गड्डा रंगात येतो तोवर तंबूतला माल संपत आलेला असतो आणि मग ती माणसं निघूनही जातात. दरवर्षी तीन महिने आपल्या गावात राहणाऱ्या या माणसांकडे कोणतं गाणं आहे, कोणता नाच आहे, हे आपण सहसा विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तंबूतल्या बाईंच्या मोबाइलवर एक गाणं लागलं होतं आणि बसल्या जागी त्यांचा पाय चालला होता. माझं आयुष्य शाळेत मुलांकडून लेझीम बसवून घेण्यात गेलं. कुणाच्या पायाने ठेका धरला की माझं लक्ष तिकडे जातंच. 'ये कौनसा गाना है?' मी विचारलं. 'गोरशे,' त्या म्हणाल्या आणि बोटाने हवेत एक गोल काढला. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, 'आप लोग भी तो सफेद कपड़ा पहनके वो लंबा डंडा लेके चलते हो. हम हर साल देखते हैं.' संक्रांतीच्या यात्रेतले आमचे नंदीध्वज त्या दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पाहत होत्या, आणि मला त्यांच्या एकाही नाचाचं नाव माहीत नव्हतं.

तेव्हापासून जे थोडं शिकले ते इथे सांगते. ल्हासाला जाणं आपल्यापैकी फारच थोड्यांना जमेल, पण त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कालिंपोंगला नाच, गाणं आणि नाट्य जपण्यासाठी एक संस्था सुरू झाली. निवारा, अन्न, औषध यांचीच मारामार असलेल्या माणसांनी पहिल्या काही महिन्यांत हे काम हाती घेतलं, हे मला फार मोठं वाटतं. तीच संस्था पुढे धरमशाळेला गेली. आज ती 'टिपा' या छोट्या नावाने ओळखली जाते. इंटरनेटवर तिबेटी नाच शोधायचा तर सुरुवात तिच्या कार्यक्रमांपासून करा. नुसतं 'तिबेटी डान्स' म्हणून शोधलं की रोषणाई, धूर आणि शंभर नर्तकांचे भव्य रंगमंचीय नाच समोर येतात. ते दिसायला देखणे असतात, पण गावातल्या अंगणात माणसं जे नाचतात ते त्यात सापडेलच असं नाही. आपल्याकडे सिनेमातली लावणी पाहून फडावरची लावणी कळत नाही, तसंच हे.

पाहायला बसलात की आधी गोरशे पाहा. 'गोर' म्हणजे गोल, 'शे' म्हणजे गाणं. माणसं वर्तुळ करतात, गातात आणि त्याच गाण्यावर फिरतात. वेगळा प्रेक्षक असा नसतोच. ज्याला वाटेल तो मध्येच शिरतो, दमला की बाहेर येतो. जुन्या रीतीत अर्धं वर्तुळ पुरुषांचं, अर्धं बायकांचं असतं आणि एका बाजूने कडवं टाकायचं, दुसऱ्या बाजूने उचलायचं. हे वाचताना तुम्हाला भोंडला आठवला असेल. हस्ताचा हत्ती पाटावर काढून त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या मुली, किंवा पालघरकडे तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळं घेत जाणारे वारली. ती आठवण येऊ द्या, कारण तिच्यामुळेच डोळा लवकर बसतो. फक्त तिथेच थांबू नका. भोंडल्याला ऋतू आहे, मधोमध हत्ती आहे, गाण्यात सासर-माहेर आहे. गोरशेचं वर्तुळ लग्नात, सणात, कापणीनंतर, कुठेही जमतं. स्तूपाला किंवा मठाला प्रदक्षिणा घालतात त्याच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, ते बहुतेक वेळा फिरतं. भारतातल्या वसाहतींमध्ये तर गेल्या पंधरा-सतरा वर्षांत गोरशेला नवा अर्थ आला आहे. 'ल्हाकार', म्हणजे शुभ्र बुधवार, या नावाने अनेक तिबेटी दर बुधवारी ठरवून आपली भाषा बोलतात, आपला पोशाख घालतात आणि संध्याकाळी एकत्र येऊन गोरशे नाचतात. साधा फेर आहे, पण घर हरवलेल्यांनी तो आठवड्याचा नेम करून ठेवला आहे.

पाहण्याची एक रीत सुचवते. लेझीम शिकवताना मी हीच वापरायची. पहिल्यांदा आवाज बंद करा आणि फक्त पाय पाहा. गुडघे सतत किंचित वाकलेले दिसतील. अंगाचं वजन वर उसळत नाही, जमिनीकडे सोडलं जातं. मग डोळे मिटून तेच गाणं ऐका. तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र. एकच गाणं आठवडाभर पुरवा. दहा गाणी एका बैठकीत पाहिली तर दहाही सारखीच वाटतील आणि 'सगळं एकसारखं आहे' असा चुकीचा ग्रह होईल.

तसं ते मुळीच एकसारखं नाही. तिबेटी माणूस आपला प्रांत तीन नावांनी सांगतो: मध्य तिबेटातला ऊ-त्सांग, पूर्वेचा खाम, ईशान्येचा आमदो. खामचे पुरुष लांब बाह्या झटकत, पाय आपटत नाचतात. त्याच खाममधल्या बाथांगच्या नाचात पुढचा माणूस पिवांग नावाचं दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य वाजवतच वर्तुळ नेतो. ल्हासा शहराचा बाज वेगळा, मैफिलीचा. त्याचं नाव नांगमा. आधी वाद्यांचा आलाप, मग संथ गाणं आणि त्याबरोबर अगदी मोजके हातवारे, आणि शेवटी एकदम जलद नाच. तोशे हा पश्चिमेकडच्या 'तो' भागातून ल्हासात आलेला प्रकार. त्याचेही दोन भाग, संथ आणि धावता, आणि धावत्या भागात बुटांचा आवाज हेच तालवाद्य. ख्यालातलं विलंबित आणि द्रुत ज्याच्या कानात आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सोबतीला असतं ड्रामञेन, लांब मानेचं, सहा तारा दोन-दोनच्या जोडीने लावलेलं तंतुवाद्य. या संगीताची देवता यांगचेनमा, म्हणजे आपली सरस्वतीच. तिच्याही हातात वीणा आहे.

नाच कळू लागला की ल्हामोकडे वळा. हे तिबेटचं संगीत नाटक. पूर्ण नाव आचे ल्हामो. आचे म्हणजे थोरली बहीण, ल्हामो म्हणजे देवी. पंधराव्या शतकात थांगतोंग ग्यालपो नावाच्या सिद्धपुरुषाने नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधले. पैसा हवा म्हणून त्याने सात बहिणींना नाचायला आणि गायला शिकवलं, अशी कथा सांगतात. म्हणून आजही खेळ मांडताना मधोमध त्याची मूर्ती किंवा तसबीर ठेवतात. वर छत, चारी बाजूंना प्रेक्षक, बरोबर आणलेली शिदोरी, आणि दिवसभर चालणारा खेळ. वाद्यं दोनच, ढोल आणि झांज. आधी गडद निळ्या मुखवट्यांचे शिकारी येऊन जागा शुद्ध करतात, मग मूळ कथा, आणि अखेरीस मंगल. आपल्या तमाशात गण आधी येतो आणि वग नंतर, तसा हा क्रम डोक्यात ठेवला तर परका खेळही पकडता येतो. सूत्रधार गद्य इतक्या भराभर म्हणतो की तिबेटी प्रेक्षकालाही कथा आधीच माहीत असावी लागते. तेव्हा तुम्हीही कथा वाचूनच बसा.

आणि एक कथा तर आपल्या घरचीच आहे. ल्हामोतल्या गाजलेल्या खेळांपैकी एक आहे द्रिमे कुंदेन. दानशूर राजपुत्र राज्याचं इच्छापूर्ती करणारं रत्न दान करून टाकतो, त्याला वनवास घडतो, वाटेत तो आपली मुलंही मागणाऱ्यांना देतो आणि शेवटी एका आंधळ्याला स्वतःचे डोळे देतो. ही विश्वंतर जातकाची तिबेटी कथा. मूळ जातकात रत्नाच्या जागी पांढरा हत्ती आहे. हेच विश्वंतर जातक अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिंतीवर रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातल्या चित्रकाराने काढलेला तो राजपुत्र पाहून या आणि मग घरी येऊन ल्हामो पाहा. दीड हजार वर्षं आणि एक हिमालय मध्ये आहे, तरी गोष्ट तीच आहे. मला स्वतःला यानंतरच ल्हामोत रस वाटू लागला. त्याआधी तो लांबलचक सूर माझ्या कानाला जड जायचा, हे कबूल करते.

आता छम. हा मठातला, मुखवट्यांचा नाच, आणि इथे मात्र पाहणाऱ्याने जपून पाहायचं. जुन्या गोऱ्या प्रवाशांनी याला 'भुतांचा नाच' म्हटलं आणि तो शब्द अजून काही पुस्तकांतून फिरतो. छम करणारे भिक्खू असतात. आधी कित्येक दिवस त्यांची साधना चालते. मुखवटा घातला की ते त्या देवतेचं ध्यान करत नाचतात. सरत्या वर्षातलं वाईट बाहेर काढण्यासाठी लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, आदल्या दिवसांत अनेक मठांत छम होतो. रेड्याचं शिर घेतलेला यम दिसला तर आपल्याला ओळख पटते. मधूनच लोकांना हसवणारं एक पात्र येतं, त्याचं नाव अत्सरा. हा शब्द आपल्या 'आचार्य' शब्दावरून गेला आहे. ज्यांनी मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा पाहिला आहे, मुखवटा चढवताना तिथली माणसं कशी गंभीर होतात हे पाहिलं आहे, त्यांना छमपुढे कसं बसावं हे वेगळं सांगायला नको. टाळ्या पिटायच्या नाहीत, नाचणाऱ्यांच्या मधून फोटोसाठी शिरायचं नाही.

हे ठासून सांगते आहे, कारण ही चूक मी केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात 'हिमालयाचे नृत्य' म्हणून मी मुलांना पुठ्ठ्याचे भयानक मुखवटे लावून नाचवलं. मुलांना मजा आली, पालक खूश झाले. आज ते आठवलं की वाईट वाटतं. दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू मी न विचारता उचलून रंगमंचावर मांडली होती. डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून संमेलनं होतात आणि शिक्षक नवीन काहीतरी शोधत असतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

मुलांकडून करवून घ्यायचंच असेल तर गोरशे घ्या. तो सगळ्यांसाठीच आहे, आणि चाळीस मुलांचा वर्ग एका वर्तुळात सहज मावतो. छम घेऊ नका. निवेदन करणाऱ्याला नाव नीट सांगायला लावा: तिबेटी, आणि जमलं तर कोणत्या प्रांताचा. लडाखी, भुतिया, शेर्पा, तिबेटी हे सगळे वेगवेगळे लोक आहेत. त्यांचं 'पहाडी' असं एकच गाठोडं बांधू नका. 'चिनी नाच' तर कधीच म्हणू नका, ज्यांनी घर सोडलं त्यांना तो शब्द लागतो. मुलांचे डोळे काजळाने बारीक करून दाखवण्याचा जो प्रकार चालतो तो पूर्ण बंद करा. कुणी मराठी माणसाचा चेहरा असा रंगवून दाखवला तर आपल्याला कसं वाटेल?

पोशाखाचं म्हणाल तर सोलापूरकरांना इथे खरी संधी आहे. अंगभर झग्यासारखा असतो तो छुबा. डावा पदर उजव्यावर येतो, कमरेला पट्टा. पुरुष तो वर ओढून गुडघ्यापर्यंत ठेवतात, बायकांचा घोट्यापर्यंत जातो. बायकांच्या पुढे रंगीत आडव्या पट्ट्यांचा जो पडदा दिसतो तो पांगदेन. मध्य तिबेटच्या रीतीत तो विवाहित बाईच घालते, म्हणजे मंगळसूत्रासारखीच खूण. तेव्हा सातवीतल्या मुलींना पांगदेन बांधू नका, नुसता छुबा पुरेल. पण पांगदेन हातात घेऊन मात्र जरूर पाहा. लोकरीचं कापड अरुंद मागावर विणतात, त्याच्या तीन पट्ट्या उभ्या जोडतात आणि जोडताना रेषेला रेष मुद्दाम जुळवत नाहीत. ज्या गावात चादरीच्या डिझाइनचा एक धागा सरकला तर कारागीर हळहळतो, त्या गावातल्या माणसाला ही मुद्दाम ठेवलेली विसंगती पाहून थांबावंसं वाटेल. मागावर काम केलेल्या कुणाला तरी सोबत नेऊन ती जोड दाखवा. मी दाखवली तेव्हा आमच्या शेजारच्या विणकर आजोबांनी पट्टी उलटी करून पाठीमागची बाजू पाहिली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

प्रत्यक्ष जायचं असेल तर फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात एक तिबेटी वसाहत आहे, नोरग्येलिंग. ती १९७२ साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात वसली. आता तो भाग गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाजवळ येतो. नवेगावबांधची सहल करणाऱ्यांनी तिकडे वाट वाकडी करावी. सोलापूरहून मात्र कर्नाटक सोयीचं. विजयपूर, बागलकोट, गदगमार्गे जाणाऱ्या गोलघुमट एक्सप्रेसने हुबळीला उतरलं की तासा-दीड तासावर मुंडगोड. तिथे १९६६ पासून तिबेटी लोक राहतात आणि गांदेन व द्रेपुंग हे मोठे मठ आहेत. तीच गाडी पुढे म्हैसूरला नेते. तिथून मडिकेरीच्या रस्त्याला बैलकुप्पे, दक्षिणेतली सर्वांत जुनी तिबेटी वसाहत. तिथल्या नामद्रोलिंग मठात लोसारच्या आधी छम होतो. लोसार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तारीख दरवर्षी बदलते, आधी चौकशी करा. नाच पाहायचाच असेल तर ६ जुलै, दलाई लामांचा वाढदिवस, किंवा १० डिसेंबर, त्यांना १९८९ साली शांततेचं नोबेल मिळालं तो दिवस, या दोन तारखा धरा. वसाहतींमधून त्या दिवशी लोकनृत्यं हमखास होतात. भारतीयांना परवाना लागत नाही, परदेशी पाहुणा बरोबर असेल तर मुक्कामासाठी त्याला लागतो. १० मार्चला मात्र करमणुकीच्या अपेक्षेने जाऊ नका. तो १९५९ च्या उठावाचा स्मरणदिन आहे.

कुणी विचारेल, हे डॉ. कोटणीसांचं गाव, आणि तुम्ही तिबेटचं काय घेऊन बसलात? द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते जखमी माणसांसाठी, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचा अभिमान मला लहानपणापासून आहे. त्या अभिमानामुळे तिबेटी बाईचं गाणं ऐकायला मला कधी अडचण आली नाही. कोटणीसांनीही समोरच्या माणसाची जखम पाहिली होती.

आता सगळ्यात सोपी गोष्ट, जी आपण करत नाही. येत्या हिवाळ्यात तंबूत जाल तेव्हा संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी जा. 'ताशी देलेक' म्हणा, हा त्यांचा शुभचिंतनाचा नमस्कार. 'नेपाल से हो क्या?' हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकला आहे. त्याऐवजी 'कौनसी बस्ती से हो?' विचारा, मुंडगोड की बैलकुप्पे, चेहरा लगेच बदलतो. वयस्क बाईंना 'आमा ला' म्हणा. नावापुढे 'ला' लावलं की आपल्या 'जी'सारखा मान होतो. निघताना 'थुक्जे छे', म्हणजे आभार. तिबेटवर राजकीय प्रश्न पहिल्याच भेटीत काढू नका. तरुण मुलं इथेच जन्मली आहेत, त्यांनी तिबेट पाहिलेलाही नाही, आणि आठवण सांगायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. गाण्याबद्दल मात्र बिनधास्त विचारा. कोणत्या गावचं, लग्नाचं की लोसारचं, आजी कोणतं म्हणायची.

आणि उलट प्रश्न येईल, त्याची तयारी ठेवा. पुढच्या हिवाळ्यात त्या बाईंनी मला विचारलं, 'वो डंडा किसका है?' मला पूर्ण सांगता आलं नाही. घरी येऊन मोठ्यांना विचारलं, वाचलं, आणि दोन दिवसांनी परत गेले. मोडक्या हिंदीत सांगितलं की सिद्धरामेश्वर हे योगी होते, एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करायचं म्हटलं, ते संसारात पडणार नव्हते, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अक्षता पडतात त्या त्या लग्नाच्या. बाई स्वेटरांच्या घड्या घालत ऐकत होत्या. घडी अर्धवट ठेवून त्यांनी विचारलं, 'फिर उस लड़की का क्या हुआ?'